बेण्याची बोर

सिंदेवाहीला एका दिवसाचं शिबिर आहे, रोपवाटिकेतून एक माणूस पाठवा, असं पत्र आलं तेव्हा चामोर्शीजवळच्या त्या रोपवाटिकेत दोघंच हजर होते. एक लहानू मेश्राम आणि दुसरा चौकीदार पत्रू. पत्रू बाकावर झोपला होता. त्याला उठवा, समजावून सांगा, मग त्याची कारणं ऐका, यापेक्षा आपणच जाऊन यावं, असं लहानूनं ठरवलं. पत्रूला त्या दिवशी झोप लागली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं लहानू आज साठी उलटल्यावरही सांगतो. (पत्रूला झोप लागली नाही असा दिवस कोणी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.)

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. कार्यालयांवरच्या पाट्यांचा रंग सुकायचा होता आणि निम्मे कागद अजून चंद्रपूरच्या शिक्क्यानंच निघत. औषधी वनस्पतींची रोपवाटिकाही तशीच नवी. अडुळसा, सर्पगंधा, बेल, आवळा, हिरडा, बोर, पळस अशी सगळी मंडळी काळ्या पिशव्यांत रांगेनं बसलेली, आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून लहानू. त्याचं सारं बालपण चंद्रपुरात, कोळशाच्या खाणीच्या चाळीत गेलेलं. झाड म्हणजे ज्याच्या सावलीत सायकलचं पंक्चर काढतात ते, एवढीच त्याची झाडांशी ओळख. पण परीक्षा दिली, नोकरी लागली, आणि नोकरी नेमकी झाडांची निघाली.

याचा त्रास खात्याला फारसा झाला नाही. झाला तो लहानूला, आणि तोही सासुरवाडीत. त्याची बायको रुखमा मोहटोल्याची, घोटच्या रस्त्याला नाल्यापलीकडचं गाव. तिचे वडील लटारूभाऊ म्हणजे झाडांचा चालताबोलता कोश. लग्नानंतर पहिल्यांदा लहानू तिथं गेला तेव्हा सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून एका मोठ्या झाडाखाली उभा राहून म्हणाला, काय सुंदर साग आहे. झाड मोहाचं होतं. मोहफुलं त्याच्या डोक्यावर टपटप पडत होती.  लटारूभाऊ बैलाकडे वळून म्हणाले, "मोहाखाली उभं राहून मोह नाई ओळखत, असा मानूस पयल्यांदाच पाह्यला बाप्पा." बैलानं मान हलवली.

तेव्हापासून लहानूच्या मनात एकच होतं. एकदा, आयुष्यात एकदा तरी, लटारूभाऊंनी म्हणावं की जवायाला झाडातलं कळतं.

शिबिराचा विषय होता रोपवाटिकेतली खवले कीड. शिकवणारे साहेब मोठे तळमळीचे. पडद्यावर एकेक चित्र दाखवून सांगत होते की ही कीड फांदीला चिकटून बसते, अंगावर टोपीसारखा खवला घेते, जागची हलत नाही आणि झाडाचा रस पीत राहते. ती गोड चिकट थेंब सोडते म्हणून मुंग्या तिच्या मागं असतात. मुंग्यांची रांग फांदीवर चढताना दिसली की कीड आहे असं समजा. साबणाच्या पाण्यानं, जुन्या ब्रशनं घासून काढा. लागण फार असेल तर फांद्या छाटून जाळा. आणि जे काही कराल ते पिल्लं सुटायच्या आत करा. लहानूनं सगळं वहीत उतरवलं. शेवटचं चित्र राहिलं होतं, पण परतीची शेवटची एसटी सुटायला आली होती आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची होती. तो हळूच उठला. निघताना प्रत्येकाला एकेक भिंग मिळत होतं, ते मात्र त्यानं न विसरता घेतलं.

भिंग आलं आणि माणूस बिघडला. लहानू आता साध्या डोळ्यांनी काही पाहीनासा झाला. पहिल्याच सकाळी त्यानं अडुळशाच्या देठावर तीन खवले शोधून काढले आणि अख्ख्या रोपवाटिकेत युद्धाची तयारी सुरू झाली. रंभाबाई आणि तिच्यासोबतच्या मजूर बायांना त्यानं बादली, साबण आणि ब्रश दिले. रंभाबाई कोरचीकडची, जंगलात वाढलेली गोंड बाई. जिनं आयुष्यात स्वतःच्या दातांना कधी ब्रश लावला नव्हता, ती आता बेलाचे दात घासू लागली. महिन्याभरात कीड खरोखर गेली. (खोटं कशाला सांगा, लहानूनं हे काम चोख केलं.) मग त्यानं गेरूनं एक पाटी रंगवली आणि फाटकावर लावली: 'या रोपवाटिकेत खवले कीड नाही.'

त्यानंतर आली बुद्धपौर्णिमा. रुखमा आणि लहानू दोन दिवस आधीच मोहटोल्याला गेले. पौर्णिमेच्या सकाळी गावातल्या सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून विहाराकडं गेल्या, त्यांत रुखमा आणि तिची आई बायनाबाई. लटारूभाऊ खिरीसाठी गूळ आणायला चामोर्शीला गेले. लहानूनं चहा घेतला आणि हातात भिंग घेऊन धुऱ्यावर फिरायला निघाला. आमच्या झाडीपट्टीत भाताच्या बांधीला मातीचा बांध असतो त्याला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावर पळस, बोर अशी झाडं राखलेली असतात. त्यातल्या शेवटच्या बोरीपाशी लहानू थांबला. काळ्या मुंग्यांची रांग खोडावरून वर चढत होती.

त्यानं फांदी वाकवली. फांदीच दिसेना. सगळ्या फांद्यांवर लालसर तपकिरी जाड पापुद्रा, वाळकं शेण लिंपावं तसा. भिंगातून पाहिलं तर त्यात बारीक भोकं, भोकांतून पांढऱ्या तारा, चिकट थेंब, आणि खाली हजारो, लाखो खवले. शिबिरातल्या एकाही चित्रात एवढी कीड नव्हती. लहानूला सासऱ्यांची दया आली. ज्या माणसाला मोह आणि साग दुरून कळतो, त्याच्या धुऱ्यावर झाड मरणाला टेकलंय आणि त्याला पत्ता नाही. शिक्षण शिक्षण म्हणतात ते हेच, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

पिशवीत साबण आणि तीन ब्रश होतेच. तिन्ही वाकले, पापुद्रा ढिम्म हलला नाही. मग वहीतलं पुढचं वाक्य आठवलं. त्यानं गोठ्यातून कोयता आणि शिडी आणली. निम्म्या फांद्या उतरल्या असतील तेव्हा धुऱ्यावरून शेजारचा लच्छू चालला होता, तो थांबला.

"जवाईबापू, काय करून राह्यले?"

"कीड काढतोय."

लच्छूच्या लेखी ते किडेच होते, त्याला यात नवल वाटलं नाही. "आत्ताच? आखाडाले तं महिना-दीड महिना हाये ना."

"थांबून चालणार नाही. पिल्लं सुटायच्या आत काढायला पाहिजे."

"थे तं खरं हाये. पिल्लं सुटले का मंग काई कामाचं नाई." लच्छूनं मान डोलावली. "लटारूभाऊले मालूम हाये?"

"आल्यावर दाखवणार आहे."

लच्छूला वाटलं, सासऱ्यानं जवायावर मोठा भरवसा टाकला. त्यानं खालून शिडी धरली आणि वरची एक राहिलेली फांदीही दाखवली. मग विहाराला उशीर होतो म्हणून तो गेला, आणि लहानूनं सगळ्या फांद्यांचा ढीग करून काडी लावली.

फांद्यांनी चांगला पेट घेतला. त्यांतून तपकिरी रस गळू लागला, त्याला बुडबुडे आले आणि एक वास सुटला. वास ओळखीचा होता. डोळे मिटताच लहानूला कार्यालयातलं आपलं टेबल दिसलं, पेटलेली मेणबत्ती, कापडात शिवलेले बियाण्यांचे नमुने आणि पितळी शिक्का. दर शनिवारी तो स्वतःच्या हातानं त्या पाकिटांवर लाखेचं सील मारत असे. सुट्टीतही नोकरी माणसाच्या नाकातून जात नाही, असं म्हणून त्यानं उरलेल्या काटक्याही आगीत लोटल्या.

लटारूभाऊ परतले तेव्हा लहानू धुऱ्यावर उभा होता. अंगाला राख, हाताला बोरीचे काटे, आणि चेहऱ्यावर सत्काराला आल्याची कळा. त्यानं झाड दाखवलं, राख दाखवली, कीड किती भयंकर होती ते सांगितलं, भिंगही पुढं केलं. लटारूभाऊंनी भिंग घेतलं नाही. ते राखेपाशी बसले. राखेतून त्यांनी एक काळालाल गोळा उचलला, अजून गरम असलेला, आणि तो बोटांत दाबून पाहिला. 

"जवाईबापू," ते शेवटी म्हणाले, "हे बेण्याची बोर होती. आखाडात सात घरं येतीन बेण्याले. त्याईले मी काय सांगू?"

मग ते उठून घरात गेले आणि पाणी प्यायले.

पुढचं सगळं लहानूला रुखमाकडून कळलं, तेही एका दमात नाही. लाख किडा करतो. तोच किडा फांदीवर बसून, रस पिऊन, अंगावर लाखेचं घर बांधतो. विळ्याची मूठ बसवायची लाख, बायांच्या बांगड्यांची लाख, आणि सरकारी पाकिटावर लहानू मारतो ती लाखही त्याचीच. बाकी झाडांची लाख लोक उन्हाळ्यात काढून घेतात, पण एक झाड तसंच राखतात. आषाढात त्याच्या काड्या तोडून दुसऱ्या झाडांना बांधल्या की पिल्लं चालत जाऊन नव्या फांद्यांवर बसतात. त्या काड्या म्हणजे बेणं. मोहटोल्यात सात घरांची झाडं त्या एका बोरीच्या भरवशावर होती.

त्या दिवशी खीर छान झाली होती. लहानूनं नको म्हटलं तरी बायनाबाईंनी त्याला दुसरी वाटी वाढली. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही, आणि लहानूला त्याचंच जास्त लागलं. परतीच्या एसटीत रुखमा चामोर्शी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना म्हणाली, "माह्या आजीनं लग्नात बापाच्या घरून आणलतं थे बेणं. पदरात बांधून, पायी. तुमी त्याले साबन लावला."

लहानूनं त्याच जागी, एसटीच्या पायरीवर, मनाशी ठरवलं की आषाढात बेणं मोहटोल्याला पोचवायचं. सासऱ्यांकडून झाडातलं कळतं म्हणवून घ्यायची गोष्ट संपली होती. आता नुसतं तोंड वर करून त्या अंगणात जाता यावं, एवढंच हवं होतं.

रंभाबाईनं सगळी हकिकत ऐकली आणि ती हसता हसता वाफ्यात बसली. पण हसून झाल्यावर उपयोगाचं बोलली. तिच्या माहेरी, कोरचीपलीकडं, तिचा भाऊ जंगू कुसुमच्या आणि पळसाच्या झाडांवर लाख घेत होता. आषाढ लागताच लहानू रजा टाकून निघाला. कुरखेड्यापर्यंत एसटी, पुढं दुसरी एसटी, पुढं भाड्याची सायकल, आणि शेवटी सायकल खांद्यावर. जंगूनं त्याला पेज पाजली, पळसाच्या काड्यांची मोठी मोळी बांधून दिली, आणि बोरीलाही हेच चालते, तीन दिवसांत झाडाला बांध, मग पिल्लं कोणाचं ऐकत नाहीत, असं बजावलं.

ती दीड दिवसातच ऐकेनाशी झाली. परतीच्या गाडीत लहानू मोळी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी एक गुरुजी, पांढरंशुभ्र धोतर. आरमोरीच्या पुढं गुरुजींनी धोतर झटकलं. थोड्या वेळानं परत झटकलं. मग चष्मा पुसून वाकून पाहिलं तर धोतरावर लाल पूड पडली होती आणि ती पूड चालत होती. लहानूनं आयुष्यात पहिल्यांदा पिल्लं सुटलेली पाहिली. लोकांनी त्याला सीटवरून उठवून मागच्या दाराशी उभं केलं आणि गडचिरोलीपर्यंत त्याच्या आजूबाजूला एवढी मोकळी जागा राहिली की तेवढी एसटीत कोणा मंत्र्यालाही मिळाली नसती.

चामोर्शीला पोचला तर मोहटोल्याचा नाला तुडुंब. गाडी पुढं जाणार नाही, दोन दिवस तरी नाही, असं कंट्रोलरनं खिडकीतून सांगितलं. लहानू मोळी घेऊन स्टँडवर उभा राहिला. पिल्लं आता त्याच्या बाहीवरून कॉलरकडं निघाली होती. दोन दिवस म्हणजे सगळं संपलं. त्याला पोचता येईल अशी एकच जागा होती जिथं बोर होती, पळस होता आणि त्यावर दुसरं काही बसलेलं नव्हतं. ती जागा त्यानं स्वतःच घासून लख्ख केली होती.

रोपवाटिकेत शिरताच त्यानं पंपाशेजारच्या मोठ्या बोरीला काड्या बांधल्या. निम्म्या उरल्या, त्या पळसाच्या मोठ्या चाळीस रोपांना बांधल्या. सकाळी रंभाबाई आणि बाया नेमाप्रमाणं बादल्या आणि ब्रश घेऊन निघाल्या, तेव्हा लहानू बनियनवरच धावत आला आणि दोन्ही हात पसरून बोरीसमोर उभा राहिला.

"सायेब, काल परेंत मारा म्हनत होते," रंभाबाई म्हणाली, "आज पाळा म्हनता. एक काईतरी लिहून द्या."

नाला उतरला, पण त्याचा आता उपयोग नव्हता. पिल्लू एकदा फांदीवर बसलं की बसलं, पुढची पिढी निघेपर्यंत म्हणजे कार्तिकापर्यंत ते हलत नाही. लहानूनं सासऱ्यांना कार्ड टाकलं की बेणं आणलं आहे, पण ते सध्या रोपवाटिकेत बसलं आहे, तरी काळजी नसावी. कार्ड लच्छूनं वाचून दाखवलं. सात घरचे लोक काड्या न्यायला आले तेव्हा लटारूभाऊंनी त्यांना सांगितलं, "बेणं सरकारी नोकरीत लागलं हाये. दिवाळीनंतर सुटीवर येईन." हे लच्छूनं पुढं पन्नास जणांना सांगितलं.

आणि मग श्रावणात रेंजर साहेब तपासणीला आले. फाटकावरची पाटी त्यांनी वाचली, बरं वाटल्यासारखं दिसलं. आत येऊन पंपाजवळ थांबले. मुंग्यांची रांग बोरीवर चढत होती. साहेबांनी खिशातून भिंग काढलं. भिंग लहानूच्या भिंगासारखंच होतं.

"मेश्राम, पाटीवर काय लिहिलंय?"

"खवले कीड नाही, असं लिहिलंय साहेब."

"मग ही काय आहे?"

"ही आपली आहे साहेब."

"आपली म्हणजे? सरकारची?"

"नाही साहेब. सासऱ्यांची."

साहेबांनी पंपाच्या ओट्यावर बसून घेतलं. लहानूनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. बुद्धपौर्णिमा, राख, सात घरं, रुखमाची आजी, गुरुजींचं धोतर. आजीच्या पदरातल्या बेण्यापाशी साहेबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"शिबिराला मीही होतो," ते म्हणाले. "शेवटचं चित्र लाखेचंच होतं. याच कुळातली ही एक कीड मारू नका, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तुम्ही कुठं होता?"

"एसटीत रुमाल टाकत होतो साहेब."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी निकाल दिला. पंपाजवळची बोर राहू दे. पळसाची चाळीस रोपं मात्र आवारात दिसता कामा नयेत, शेजारच्या रोपांना लागली तर लेखी खुलासा मागावा लागेल. आणि पाटी खोटी आहे. पाटी काढा, नाहीतर कीड काढा.

लहानूनं साहेबांसमोरच पाटी काढली. तिच्यावर त्याचा फार जीव होता. गेरूनं तीन दिवस बसून रंगवली होती, 'कीड' मधला ड तर दोनदा. त्यानं ती पत्रूच्या बाकाखाली ठेवली आणि चाळीस रोपं हातगाडीवर घालून आपल्या क्वार्टरकडं नेली.

एका खोलीचं क्वार्टर आणि पुढं हातभर पडवी. पडवीत चाळीस पळस. पहिल्या आठवड्यात दोरीवरचे कपडे चिकट होऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात मुंग्यांनी पडवीतून तांदळाच्या डब्यापर्यंत हमरस्ता काढला. बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागले, त्यामुळं घरात वाट्या उरल्या नाहीत आणि वरण ताटलीत वाढलं जाऊ लागलं. लहानू ऑफिसात जाई तो सदऱ्यावर मुंग्या आणि तोंडावर काळजी घेऊन. शेजारपाजारचे विचारत, काय हो मेश्राम, घरात आजारी कोण आहे. रुखमा दारात उभी राहून सांगे, "माह्या बाबाची लाख यायनं जाळली. आता घरात पाळून राह्यले."

पण खरं सांगायचं तर ते चार महिने त्या दोघांच्या संसारातले सगळ्यांत गोड महिने होते. संध्याकाळी लहानू पायरीवर बसे, मांडीवर रोप, डोळ्याला भिंग. आधी रुखमा नुसती चहा आणून ठेवायची. मग एक दिवस तिनंही हात पुढं करून भिंग मागितलं. लहानपणी ज्या लाखेच्या काड्या तिनं शेकड्यांनी तोडल्या होत्या, त्यांच्यावरचा किडा तिनं कधी पाहिलाच नव्हता. ती पाहत राहिली. "आजीनं हे कधीच नाई पाह्यलं असन," ती म्हणाली. रेडिओवर बातम्या लागलेल्या असत आणि बातम्यांत कोण काय म्हणालं ते दोघांनाही कधी कळलं नाही. अकरा रोपं वाळली. प्रत्येक रोपाच्या वेळी लहानू जेवला नाही. उरलेल्या एकोणतीसांवर आणि पंपाजवळच्या बोरीवर लाख चढत गेली, आधी पिवळट, मग लालसर, मग जाड.

कार्तिकात लटारूभाऊ बैलगाडी घेऊन आले, लच्छू सोबत. लहानूनं त्यांना पंपाजवळ नेलं आणि तो बाजूला उभा राहिला. या वेळी त्याच्या हातात भिंग नव्हतं. लटारूभाऊंनी बोरीभोवती एक फेरी मारली. फांदी वाकवली. नखानं पापुद्रा दाबला, वास घेतला, जिभेला लावून पाहिला. मग पडवीत जाऊन एकेक पळस हातात घेऊन पाहिला.  रुखमा दाराला धरून उभी होती.

"जवाईबापू," लटारूभाऊ म्हणाले, आणि या वेळी ते बैलाकडे नाही, सरळ लहानूकडे पाहून म्हणाले, "माह्या अख्ख्या जल्मात इतकी दाट लाख नाई पाह्यली. तुमच्या हाताले कीड लागते."

झाडातलं कळतं, असं ते म्हणाले नाहीत. पण लहानूला तेवढ्यानं भरून आलं आणि तो उगाच बैलांना पाणी दाखवायला गेला. गाडी काड्यांनी भरून निघाली. मोहटोल्याच्या बोरीवर तोवर नवे धुमारे फुटले होते, कारण छाटणी मात्र झकास झाली होती, हे लटारूभाऊंनी पुढं कबूल केलं. त्या कार्तिकात सातही घरांच्या झाडांना बेणं बांधलं गेलं, आणि आजीचं नसलं तरी बेणं गावात परत नांदू लागलं.

'तुमच्या हाताले कीड लागते' हे वाक्य लच्छूनं गावभर केलं. पुढच्या आषाढात बेणं बांधायच्या आधी लोकांनी काड्यांच्या मोळ्या लहानूपुढं आणून ठेवल्या, हात लावा म्हणून. त्यानं हात लावला. लाख आली. मग तो रिवाजच पडला. दर आषाढाला लहानू रजा टाकायचा (कारण: घरगुती), मोहटोल्याला जायचा, आणि गावकरी त्याला धुऱ्याधुऱ्यानं मानानं फिरवायचे. ज्यांच्या झाडावर लाख बसत नाही ते त्याला घटकाभर त्या झाडाखाली बसवून चहा पाजायचे. ज्या गावात एकेकाळी त्याला मोह ओळखता आला नव्हता, तिथं त्याच्यासाठी लोक थांबून राहायचे. लटारूभाऊ असेपर्यंत स्वतः पुढं चालायचे. आता ते नाहीत. लहानू अजून जातो.

या सगळ्या मानात लहानूला मोहटोल्याची एक गोष्ट विशेष आवडायची, आणि ती तो रुखमाला दरवर्षी परतताना सांगायचा. गाव मोठं स्वच्छतेचं. भर आषाढात, आभाळ दाटलेलं असतानाही, आपण जातो त्या दिवशी घरोघरी धुणं निघतं. बायनाबाईंच्या वांग्याच्या वाफ्यावर लुगडी वाळत घातलेली, लच्छूच्या मिरचीवर धोतरं, पलीकडच्या भेंडीवर चादरी. जवाई येणार म्हणून लोक एवढं करतात, याचं त्याला फार कौतुक. असं दहा-बारा वर्षं चाललं. मग एकदा तो लवकर परतायचं म्हणून जवळच्या वाटेनं, वाफ्यावरून निघाला, तर बायनाबाई दोन्ही हात पसरून आडव्या आल्या.

"जवाईबापू, तिकडून, तळ्याकडून जा नं बाप्पा," त्या अजिजीनं म्हणाल्या. "एक लुगडं कमी पडलं. चार वांगे उघडे राह्यले हायेत."